गावभर तिचे हात

दाढ दुखत होती म्हणून तो गेला, नाहीतर गेला नसता. ताई फोनवर रोज तेच घोकत होती, "दाखवून ये, अरे दाखवून ये. एवढा घोडा झालास, दातांच्या डॉक्टरला कसला घाबरतोस?" आणि तो रोज "जातो, जातो" करत, गाल दाबून, कॅनव्हाससमोर बसून राहत होता. शेवटी गाल इतका सुजला की आरशात अर्धा चेहरा आपला आणि अर्धा कुणा खात्यापित्या दुकानदाराचा दिसायला लागला, तेव्हा कुठे मफलर गुंडाळून स्वारी बाहेर पडली. दवाखाना जुना, पिढ्यान्‌पिढ्यांचा. डॉक्टर मात्र तरुण आणि बडबडे. खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला, "आ करा" झालं. त्याने आ केला आणि नजर कुठे ठेवावी ते न कळून समोरच्या भिंतीवर ठेवली. तिथे ती बसली होती. म्हणजे ती नव्हे. बसले होते डॉक्टरांचे आजोबा. भरघोस मिशा, काळा कोट, खिशावरून लोंबणारी घड्याळाची साखळी, कपाळावर 'उगाच वेळ घेऊ नका' असा भाव. पण मांडीवर एक जाड पुस्तक होतं आणि त्या पुस्तकावर ठेवलेले दोन्ही हात तिचे होते. डाव्या हाताची करंगळी शेवटच्या पेराशी किंचित बाहेर वळलेली, लहानपणी दारात चेंगरलेली. मनगटाच्या हाडाखाली तीळ. तीळसुद्धा सोडला नव्हता गाढवाने. हे गाढव म्हणजे तो स्वतःच.

"चित्र बघताय?" डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "आजोबा आमचे. हात बघा त्यांचे, हात! सर्जनचे हात आहेत ते. आमच्याकडे सगळे म्हणतात, चेहरा काय, कुणीही काढेल, पण हात अगदी हुबेहूब उतरलेत." तो म्हणाला, "आँ." "दुखतंय का?" "आँ." "मग सांगायचं की! थांबा, अजून थोडी भूल देतो." पण दुखत नव्हतं. ती वारल्याचं ताईने कळवलं तेव्हा तो ब्रश धूत होता. तो ब्रश धूतच राहिला, सगळे धुऊन झाले तेव्हा धुतलेलेच पुन्हा धुतले. आणि त्यानंतर इतके दिवस त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रडावं तर कोणत्या नात्याने रडावं हाही प्रश्नच होता. नवरा म्हणावं तर कधीचा सुटलेला. आणि आता इथे, परक्या खुर्चीत, तोंडात दोन हत्यारं आणि एक नळी घेऊन, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तोंड उघडंच होतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. डॉक्टर बिचारे कावरेबावरे झाले. "झालंच, झालंच," म्हणत त्यांनी दाढ उपटली, कापसाचा बोळा दाबला आणि वर सांगितलं की आजपर्यंत त्यांच्या हातून इतकं कुणाला दुखलं नव्हतं.

बाहेर ऊन होतं. बधिर गाल दुसऱ्याचा असल्यासारखा बरोबर चालत होता आणि तो मनाशी म्हणत होता, हात आहेत तर मग चेहरा का नाही? कारण त्याचं खरं दुखणं दाढेचं नव्हतंच. ती गेल्याचं कळल्यापासून तो तिचं चित्र काढायला बसत होता आणि ते निघत नव्हतं. घरात चार-पाच कॅनव्हास पडले होते; प्रत्येकावर मांडीत ठेवलेले हात पुरे झालेले, जिवंत, बोट लावलं तर ऊबदार लागतील असे, आणि वर मानेपासून पुढे नुसतं कोरं. हात त्याला पाठ होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने ते काढून दिले असते. पण चेहरा म्हटलं की समोर काही येईच ना. कपाळ आठवलं तर हनुवटी निसटायची, हसणं आठवलं तर ते ताईचं निघायचं. फोटो म्हणाल तर वर्षांपूर्वी ती घर सोडून निघून गेली त्या आठवड्यात त्याने एकूणएक फाडले होते, मोठ्या तोऱ्यात. ताईकडे घरच्या सगळ्यांचा एक फोटो होता, त्यात तिच्यासमोर नेमका कुणाचा तरी मामा येऊन उभा राहिलेला. ज्या बाईबरोबर आपण संसार केला तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही, ही गोष्ट तो कुणाला सांगणार? ताईला सांगितली असती तर ती म्हणाली असती, "कधी बघितला होतास तो आठवायला?" ताईची जीभ तशीच आहे. म्हणून त्याने सांगितलं नाही.

तो आणि उंट. उंट म्हणजे त्याचा मित्र. कला महाविद्यालयात लांब मानेमुळे पडलेलं नाव, ते त्याच्या म्हाताऱ्या आईनेही पुढे वापरायला सुरुवात केली होती. दोघांनी मिळून एक गोदाम भाड्याने घेतलं होतं आणि मोठ्या लोकांची मोठी चित्रं काढायचा धंदा मांडला होता. उंटाचा हात चेहऱ्यावर असा बसलेला की समोरचा माणूस स्वतःचं चित्र बघून जरा सरळ बसायचा. पण हात म्हटलं की उंटाचं घोडं अडायचं. त्याने काढलेली बोटं फुगलेल्या हातमोज्यांसारखी दिसायची. याचं उलटं. याला चेहऱ्यांचा कंटाळा. चेहरे थापा मारतात, हात मारत नाहीत, असं तो तेव्हा ऐटीत म्हणायचा, आणि लोक ते ऐकून घ्यायचे कारण हात तो खरोखरच काढायचा. तेव्हा वाटणी ठरूनच गेली. मोठी माणसं चेहऱ्यापुरती येऊन बसत. त्यांना वेळ कुठला? चेहरा झाला की कोट, झगा, जे काय मानाचं असेल ते इथे ठेवून ती निघून जात. मग ते कपडे घालून त्यांच्या जागी बसायचं कुणी? ती बसायची. रोज सकाळी गोदामात आली की पिशवी खुंटीला अडकवून आधी विचारायची, "आज मी कोण?" "आज तू जज्जसाहेब," उंट सांगायचा. "आज तू विमा कंपनीचे अध्यक्ष." की ती लगेच पोट पुढे काढून, घसा खाकरून खुर्चीत बसायची आणि जड आवाजात म्हणायची, "चहा आणा रे कुणीतरी." गोदाम हसायचं. म्हणजे उंट हसायचा. हा गुडघ्यावर फळी घेऊन खाली बुटक्या स्टुलावर बसलेला असायचा, कारण हात खाली असतात. खिडकीच्या बाजूला, तिच्या खुर्चीला अगदी लागून, कारण उजेड तिकडून यायचा. उंट समोर उभा राहून कोटाच्या चुण्या रंगवायचा आणि हा खाली मान घालून तिची बोटं. ती कधी वरून म्हणायची, "अहो, जरा वर तरी बघा." तो म्हणायचा, "हलू नकोस."

त्या गोदामाच्या खिडक्या छताला भिडलेल्या होत्या, माल ठेवायच्या जागेला असतात तशा. ती त्यांच्यावर कुरकुर करायची. "दिवसभर बसायचं आणि बाहेर काय चाललंय ते काडीचं दिसत नाही. आभाळाचा एक तुकडा, तोही मान मोडेपर्यंत वर बघितलं तर." उंट म्हणायचा, "वहिनी, तुम्हाला शिडी आणून देतो." ती म्हणायची, "भावजी, तुमची मानच पुरे, त्यावर चढते." अशी त्यांची थट्टा चालायची आणि त्याला ती बरी वाटायची, कारण बोलण्यात गुंतली की ती हात हलवायची नाही. हे भावजी म्हणणं पुढे कधीतरी बंद झालं. कधी, ते त्याला आता कितीही डोकं खाजवलं तरी सांगता येत नव्हतं. ती उंटाला भावजी म्हणेनाशी झाली आणि दुसरंही काही म्हणेना, नुसतंच "हे बघा" आणि "ऐकलं का" यावर भागवायला लागली, आणि उंटाच्या तोंडचं वहिनी आटून गेलं. माणसाला कान असतील तर एवढ्यावरून कळायला हवं. पण तो तेव्हा नखांवरच्या उजेडात बुडालेला. नखावरचा उजेड पांढरा नसतो, त्यात समोरच्या भिंतीचा रंग असतो, हा शोध त्याला त्याच दिवसांत लागला होता, आणि तो त्याने दोघांनाही समजावून सांगितला होता. दोघांनी तो फार लक्ष देऊन ऐकला होता.

दाढेची जागा भरत आली तेव्हा तो हातांच्या मागावर निघाला. वेड्यासारखंच, पण निघाला खरा. कोर्टात जज्जसाहेब सापडले. त्यांच्या झग्याच्या बाहीतून तिचे हात असे बाहेर आले होते जसे कुणी खिडकीतून डोकावावं. ग्रंथालयात एक दाढीवाले गृहस्थ तिच्या बोटांनी चष्मा धरून होते. मुलींच्या शाळेत कचेरीतल्या बाईंनी त्याला दारातच अडवलं. "काय काम आहे?" "मोठ्या बाईंचं चित्र बघायचंय." "विकायचं नाही ते." "मला घ्यायचं नाही. मीच काढलंय. म्हणजे हात." "हात?" "हात मी काढले. बाकीचं दुसऱ्याने." बाईंनी त्याच्या मफलरकडे, न केलेल्या दाढीकडे बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्याला आत नेलं. चित्राखाली उभ्या राहून त्या म्हणाल्या, "खरं सांगू का? मोठ्या बाईंचे हात असे नव्हते हो. मी त्यांच्या हाताखाली शिकले, भरपूर मार खाल्लाय. पण हे हात बघितले की वाटतं, असेल बाई, मनातून असेल मायाळू." तो अंगठा बघत होता. डॉक्टरांच्या आजोबांच्या चित्रात अंगठा मोकळा होता, पुस्तकाच्या कडेवर सहज टाकलेला. इथे, मोठ्या बाईंच्या मांडीवर, तो पहिल्या बोटाच्या कुशीला घासत होता. तिला काही सांगायचं असलं आणि कसं सांगावं ते सुचत नसलं की ती तसं करायची. हे आत्ता, या भिंतीखाली, त्याला आठवलं. आणि अंगठा तर त्याने तेव्हा इतका अचूक काढला होता की घासल्याने आलेली लालीसुद्धा सोडली नव्हती.

नगरपालिका त्याने शेवटी ठेवली, कारण तिथे काय आहे ते त्याला ठाऊक होतं. नगराध्यक्षांचं चित्र हे गोदामातलं शेवटचं. त्या दिवशी उंट सकाळीच काहीतरी सांगून बाहेर पडला होता. ती एकटीच अध्यक्षांची मानाची साखळी गळ्यात घालून बसली होती आणि तिने त्या दिवशी "आज मी कोण" विचारलं नव्हतं. दुपार कलताना ती म्हणाली, "मी जाते." तो म्हणाला, "हं." त्याला वाटलं, चहा टाकायला उठली असेल. मनगटावरचा थोडासा उजेड राहिला होता, तो त्याने मनातून पुरा केला. मग तीळ केला. मग फळीवरचे हात कॅनव्हासवर उतरवले, आणि ते असे काही साधले की तो स्वतःवरच खूश झाला. उजेड संपला तेव्हा त्याने मान वर केली आणि विचारलं, "अगं, चहा?" खुर्चीच्या हातावर साखळी ठेवलेली होती, नीट गोल करून. खुंटीवरची पिशवी नव्हती. पुढचं सगळं त्याला ताईकडून कळलं, आणि मग तो पेटला. उंटाचं सामान त्याने रस्त्यावर फेकलं, फोटो फाडले, भेटेल त्याला सांगितलं की ज्याला भाऊ मानला त्याने घात केला. घात केलाच होता, त्यात खोटं काही नव्हतं. त्या रागाची एक ऊब होती. कितीतरी वर्षं त्याने त्यावर काढली. आता नगरपालिकेच्या जिन्यात, लोक बाजूने खाली-वर करत असताना, त्याने ते शेवटचे हात बघितले. दोन्ही अंगठे मुठींच्या आत लपवलेले होते. लहान मुलं लपवतात तसे, घट्ट, बोटांची पेरं पांढरी पडलेली. त्याने ते बघितले होते, रंगवले होते, पेरांच्या पांढऱ्यासाठी वेगळा रंग मिसळला होता, आणि त्याला काहीच कळलं नव्हतं. जिन्यात मध्येच उभा राहिल्याबद्दल कुणीतरी त्याच्यावर खेकसलं, तसा तो बाजूला झाला.

त्यानंतर काही दिवसांनी उंट आला. दार उघडलं तर समोर उभा, केस पांढरेफटक, मान अजून लांब झालेली किंवा खांदे खाली आलेले. चादरीत गुंडाळलेला कॅनव्हास छातीशी धरून.

"येऊ?"

"दार अडवूनच तर उभा आहेस."

उंट आत आला, पण बसला नाही. त्याने खोलीभर नजर फिरवली. कोऱ्या मानांचे ते कॅनव्हास त्याला दिसले. त्याने ते एकेक करून बघितले आणि शेवटच्यापाशी थांबला. "वहिनी..." त्याच्या तोंडून गेलं, आणि त्याने जीभ चावली. इतकी वर्षं तिच्याबरोबर एका छताखाली काढलेला माणूस, पण याच्या दारात पाऊल टाकताच जीभ जुन्या जागी जाऊन बसली. याला हसू फुटलं, वाईट हसू.

"बोल ना, अडलास का? म्हण वहिनी. ऐकून जमाना झाला."

"भांडायला नाही आलो रे."

"मग कशाला आलास?"

उंटाने चादर सोडली नाही. नुसता कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला, तोंड भिंतीकडे करून. "हे पुरं करून दे."

"तुझं तू कर. हात सोडून सगळं तर नेलंसच."

"मला हात येत नाहीत. तुला माहीत आहे."

"अजून?"

"अजून."

"मग इतकी वर्षं काय केलंस?"

"खिशात घातले," उंट म्हणाला. "शालीखाली लपवले. एकाला तर पाठमोराच उभा केला. लोक म्हणाले, काय संयम आहे." दोघेही क्षणभर गोदामात असल्यासारखे हसणार होते, पण राहिलं. उंट खाली बघत म्हणाला, "यात तिचा चेहरा आहे. हात नाहीत. तू गावभर वाटलेस तिचे हात. जज्जाला दिलेस, त्या दातवाल्या म्हाताऱ्याला दिलेस. तिच्या एकटीच्या चित्राला नाहीत."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "केव्हाचा चेहरा हा? तुझ्याकडे आल्यानंतरचा?"

"नाही. नंतर ती बसलीच नाही. बस म्हटलं की उठून जायची. हा गोदामातला आहे. कोटाच्या चुण्या सुकत असायच्या तेव्हा थोडा थोडा काढलेला."

"गोदामात? माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोरच. मान वर केली असतीस तर दिसलं असतं."

हातातलं रंगाचं फडकं त्याने उंटाच्या अंगावर फेकलं. ते उंटाच्या खांद्यावर पडून तिथेच राहिलं. "चालता हो," तो म्हणाला. उंट दारापर्यंत गेला. फडकं त्याने काढून नीट घडी करून स्टुलावर ठेवलं. ती सवय तिची, हे दोघांनाही एकदमच ध्यानात आलं.

"शेवटी..." तो म्हणाला आणि थांबला. काय विचारायचं होतं ते त्यालाच धड कळलं नव्हतं.

"तुझं नाव नाही काढलं तिने कधी," उंट म्हणाला. "खोटं कशाला सांगू? पण सकाळी उठली की विचारायची कधी कधी."

"काय?"

"आज मी कोण."

"मग तू काय सांगायचास?"

"मी काय सांगणार? हसायचो," उंट म्हणाला आणि गेला.

कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून तसाच राहिला. तो त्याच्या बाजूने येत-जात होता, जेवत होता, ताईच्या फोनला "बरा आहे" म्हणत होता. हवं तर एका झटक्यात बघता आलं असतं. ज्यासाठी इतके दिवस जीव टाकला तो चेहरा चादरीच्या एका पदरापलीकडे होता. पण तो उंटाने काढलेला होता. उंटाकडे बघणारा असणार. एखादी बाई आपल्याला आवडणाऱ्या माणसाकडे कशी बघते ते उंटाने, त्याच्या त्या लबाड हाताने, बरोबर पकडलं असणार. आणि तेच शेवटी आपल्याला बघायला मिळणार, की आपल्या नाकासमोर काय चाललं होतं. यापेक्षा कोरी मान बरी, असं त्याने ठरवलं. असं ठरवून तो रोज तेवढ्याच उत्कंठेने त्या चादरीकडे बघत राहिला. मग एका सकाळी, चहा होता होता, काही न ठरवता तो उठला, चादर ओढली, कॅनव्हास फिरवून इझलवर चढवला आणि चार पावलं मागे आला.

ती होती. अगं बाई, असं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं, जे तो एरवी कधी म्हणत नाही. अशी होतीस होय तू! भुवया मध्ये किंचित विस्कटलेल्या. वरचा ओठ एका बाजूला जरा जास्त भरलेला, कारण ती त्या बाजूने हसायची. कानाजवळ न बसणारे केस. एकेक गोष्ट दिसली की ती कायमची ठाऊक असल्यासारखी वाटत होती, आणि दिसायच्या आधी ती त्याच्यापाशी मुळीच नव्हती. किती वेळ तो नुसता त्या चेहऱ्यावरून फिरत राहिला. चहा उतू गेला, वास आला, गॅस बंद करून तो परत आला. आणि मग त्याला दिसलं की ती उंटाकडे बघत नाही. म्हणजे चित्र काढणाऱ्याकडे, समोर, बघत नाही. नजर बाजूला होती, उजेड येत होता त्या बाजूला. खिडकीकडे. तर असं होतं. ना तो, ना उंट. तिला बाहेर जायचं होतं, एवढंच. बिचारी दिवसभर दुसऱ्यांचे कोट घालून बसायची आणि खिडकीकडे बघायची. यात एक सुटका होती आणि एक नवीन दुःखही होतं, आणि त्या दोन्हींशी जुळवून घेत तो रंग काढायला लागला. ठीक आहे. हात देऊ. खिडकीकडे बघणाऱ्या बाईचे हात कसे असतील?

हात कसे असतील हे ठरवायला त्याला खांद्याचा कल बघावा लागला, खांद्यासाठी मान, मानेसाठी नजर. हात काढणाऱ्याला उलट्या वाटेने वर जावंच लागतं, फक्त तो आजवर कधी मनगटाच्या वर गेला नव्हता. आणि तिथे काहीतरी जुळेना. पापण्या खाली होत्या. बुबुळं खालच्या पापणीच्या कडेला टेकलेली होती. त्या गोदामाची खिडकी छताला भिडलेली; आभाळाचा एक तुकडा, तोही मान मोडेपर्यंत वर बघितलं तर. खिडकी बघणारी बाई वर बघेल. ही खाली बघत होती. खिडकीच्या बाजूला, खाली, खुर्चीला लागून. तिकडे काय होतं? त्याने डोळे मिटून ते गोदाम मांडलं. भिंत, भिंतीला रंगाच्या डब्यांची फळी, पण ती उंच. पाण्याची बादली दाराशी. उंटाची पेटी समोर. खिडकीच्या बाजूला, खाली, खुर्चीला अगदी लागून, काहीच नव्हतं. एक बुटकं स्टूल होतं.

तो खाली बसला. त्याच स्टुलावर बसला, गोदामातून आणलेल्या गोष्टींत तेवढं एक राहिलं होतं. ओठाचा तो भरलेला कोपरा किंचित उघडा होता. काहीतरी म्हणायच्या बेतात असतो तसा, किंवा म्हणून झाल्यावर वाट बघत असतो तसा. ही नजर एका दिवसाची नव्हती. उंटाने थोडा थोडा काढलेला चेहरा होता; कोट सुकत असताना, जज्जाच्या वेळी, अध्यक्षांच्या वेळी, महिनोन्‌महिने, आणि प्रत्येक वेळी ती तिकडेच बघत असली पाहिजे, नाहीतर ती नजर इतकी पक्की उतरली नसती. आणि चेहऱ्यांची इतकी जाण असलेल्या उंटाला ते पहिल्याच दिवशी कळलं असलं पाहिजे. कळूनही त्याने तसंच काढलं. कळूनही तो तिला घेऊन गेला, किंवा कळलं म्हणूनच. आणि इतकी वर्षं हा कॅनव्हास घरात ठेवला. उंटाचा राग करायला त्याने मन चाचपून बघितलं, पण तिथे हाताला काही लागलं नाही. "अहो, जरा वर तरी बघा." कितीदा म्हणाली असेल? आणि आपण काय म्हणालो? हलू नकोस. नाही हलली ती. इतकी वर्षं नाही हलली.

त्याने इझल खाली घेतलं, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीवर. स्टूल खिडकीच्या बाजूला सरकवलं, कॅनव्हासच्या कडेला लागून. चित्रातले डोळे आपण जागा बदलून भेटत नसतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यातच आयुष्य गेलं होतं. तरी तो तिथेच बसला. ब्रशला रंग घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. मुठीत लपवलेला नाही, बोटाला घासणाराही नाही. सहज टाकलेला, ऐसपैस, तिचा स्वतःचा. त्यासाठी खाली बघायची गरज नव्हती. हात त्याला पाठ होते, करंगळीच्या बाकापासून तिळापर्यंत. हात आपला खाली चालत राहिला आणि मान वर. जवळून, बाजूने, मान उंचावून तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिथून चेहरा जरा वाकडा, ताणलेला दिसत होता, पण दिसत होता.

"आज तू," तो म्हणाला.

मग, ती नीट ऐकेल अशा आवाजात, पुन्हा म्हणाला, "आज तूच. बोल, काय म्हणत होतीस?"